चारशे रुपयांचं सील आणि सहा महिने उभी गाडी : लष्कराच्या स्पेअर पार्टचा हिशेब नक्की कुठे चुकतो?

भोसरीचा लेथवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज युनिटला सुट्टी आहे म्हणून बसून लिहितोच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं भोसरीत छोटं युनिट आहे, रबर मोल्डिंगचे दोन प्रेस, तीन लेथ, माणसं नऊ. ऑइल सील, ओ रिंग, बुश, गॅस्केट असलं बनवतो. बराचसा माल गाड्यांच्या कंपन्यांच्या व्हेंडरांना जातो पण गेली अकरा वर्षं थोडा थोडा लष्करालाही देतो. पुण्यात राहणाऱ्याला हे काही नवीन नाही, खडकीला बेस वर्कशॉप आहे, तिथेच रणगाडे आणि चिलखती वाहनांच्या स्पेअर्सचा मध्यवर्ती डेपो आहे, देहूरोडला ऑर्डनन्स डेपो आहे, म्हणजे आपल्या आजूबाजूला या कामावर हजारो घरं चालतात.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो (कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कुणाची तक्रार करायला धागा काढलेला नाही). सप्टेंबरमध्ये एका सीलची चौकशी आली. कोट दिलं. मग काहीच नाही. जानेवारीत परत तीच चौकशी, परत कोट. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सप्लाय ऑर्डर हातात, आणि माल ३१ मार्चच्या आत पाहिजे. आता नवीन साइजचा मोल्ड करायलाच मला तीन आठवडे लागतात. पोरांना रात्रपाळी लावली, माल २६ मार्चला पोचवला. इन्स्पेक्शन झालं, माल पास झाला, सीआरव्ही (माल मिळाल्याचं व्हाउचर) मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघालं, आणि तोवर त्या वर्षाचं बजेट संपलेलं. बिल गेलं, एक ऑब्झर्वेशन (हिशेब खात्याची हरकत) लागून परत आलं, परत पाठवलं. पैसे ऑगस्टच्या शेवटी. तोपर्यंत बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज मीच भरत होतो.

छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज द्यायचं असा २००६ चा कायदा आहे, मला माहितीय. पण गिऱ्हाइकावर व्याज लावायला मन होत नाही, मी आजवर एकदाही लावलेलं नाही. मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या कोटमध्ये सहा टक्के वाढवून लावले. आणि मला पक्कं माहितीय की माझ्या शेजारच्या गाळ्यातला पण वाढवूनच लावतो. म्हणजे बिल उशिरा दिल्याने सरकारचा एक रुपया वाचला नाही, उलट तेच सील महाग झालं. हे कुठल्याच फाइलमध्ये दिसत नाही कारण टेंडरमध्ये आम्ही सगळेच वाढवून भरतो आणि एल-वन (सगळ्यात कमी दरवाला) निघतोच.

आणि माझं दुःख एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. सील उतरवून घेणाऱ्या एका स्टोअरवाल्याने बोलता बोलता सांगितलं की ज्या गाडीसाठी हे मागवलं ती सप्टेंबरपासून उभी आहे. चारशे रुपयांच्या सीलसाठी. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. ही गाडी इतके महिने उभी राहिली याचा खर्च किती, आणि तो कोणाच्या वहीत लिहिला गेला?

२०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटींचं आहे, त्यात पगार सोडून रोजचं चालवणं, दुरुस्ती, स्पेअर्स, इंधन, दारूगोळा वगैरेला साधारण १.१४ लाख कोटी. म्हणजे पैसा नाही असं म्हणवत नाही. मग अडतं कुठे? इथे लष्करातून, डेपोतून, हिशेब खात्यातून निवृत्त झालेले लोक आहेत म्हणून विचारतोय. खरंच समजून घ्यायचंय.

पिंपळेगुरवची सई

फार महत्त्वाचा विषय दादा. माझे बाबा खडकीच्या फॅक्टरीत होते, घरात मार्च महिना म्हणजे बाबा रात्री दहाला येणार हे ठरलेलं असायचं. वाचतेय.

हवालदार ईएमई (निवृत्त)

लेथवाले भाऊ, तुम्ही ज्या गाडीबद्दल लिहिलंय तशा गाड्यांखाली माझी चोवीस वर्षं गेलीत. मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, व्हेइकल मेकॅनिक. कुठल्या वर्कशॉपात ते लिहीत नाही, डोंगराळ भागात होतो एवढं पुरे.

गाडी उभी राहते म्हणजे काय होतं ते सांगतो. युनिटमधून गाडी आली, आम्ही उघडली, फायनल ड्राइव्हचं सील गेलंय. डिमांड केली. डेपोचं उत्तर आलं एनए, म्हणजे स्टॉकमध्ये नाही. गाडी व्हीओआर लिहिली, व्हेइकल ऑफ रोड. आठ दिवसांनी दुसरी गाडी आली, तिचा स्टार्टर गेलाय, त्याचीही एनए. आता तुम्हीच सांगा, एक गाडी सीलसाठी उभी आहेच, तिचा स्टार्टर चांगला आहे. वरून परमिशन घेऊन पहिलीचा स्टार्टर दुसरीला लावला, दुसरी गेली कामाला. पंधरा दिवसांनी तिसरी आली, तिला डिझेलचा पाइप पाहिजे. तोही पहिलीचाच काढला. चार महिन्यांनी सील आलं तेव्हा पहिल्या गाडीला सील सोडून सहा वस्तू पाहिजे होत्या, बॅटरी मेलेली, थंडीत उभी राहून होज फुटलेले. चारशेचं काम तीस-पस्तीस हजारावर गेलं आणि गाडी अजून उभीच.

यात चोरी नाही, कामचुकारपणा नाही. प्रत्येकाने त्या दिवशी जे बरोबर होतं तेच केलं. पोस्टवर रेशन पोचवायचं असतं, दुसरी गाडी काढणं भागच होतं. पण हा जो पस्तीस हजाराचा खड्डा पडला त्याला हेड (बजेटमधलं खातं) नाही. बजेटच्या कागदावर नुसतं एवढं दिसतं की या वर्षी सहा वस्तूंची डिमांड आली. पुढच्या वर्षीचा अंदाज काढणारा माणूस तो आकडा बघतो आणि म्हणतो स्टार्टर जास्त खपतात, स्टार्टर मागवा. अहो खपले नव्हते, एका गाडीचे दुसरीला गेले होते! म्हणजे डेपोत पुढच्या वर्षी स्टार्टर पडून आणि सील परत एनए.

मी साधा माणूस, हिशेबातलं कळत नाही. पण जॉब कार्डवर गाडी आल्याची तारीख असते, गेल्याची तारीख असते, मधल्या दिवसांना किंमत लावली तर सगळं समोर येईल असं मला नोकरीत असल्यापासून वाटतं.

लेखा विभाग निवृत्त

हवालदार साहेब, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मी एकतीस वर्षं डिफेन्स अकाउंट्समध्ये काढली, त्यातली बरीच वर्षं बिलं तपासण्यात आणि काही वर्षं डेपोंच्या लोकल ऑडिटमध्ये. दुसरी बाजू मांडते, कारण ऑब्झर्वेशन लावणारी बाई मीच होते. (लेथवाले दादा, तुमचं नव्हे, मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली.)

पहिलं म्हणजे ऑब्झर्वेशन छळायला लावत नाहीत. सँक्शनवर सही ज्याची आहे त्याला तेवढ्या रकमेचे अधिकार आहेत का, ऑर्डरमधला दर आणि बिलातला दर एक आहे का, माल खरंच मिळाल्याचं व्हाउचर आहे का, एवढंच बघायचं असतं. बिलात जीएसटीचा दर ऑर्डरपेक्षा वेगळा असेल तर मी ते पास केलं तर उद्या मला जबाब द्यावा लागतो. पण हेही खरं की एका बिलावर तीन वेळा तीन वेगळी ऑब्झर्वेशनं जाताना मी पाहिलीत. पहिल्याच वेळी सगळं लिहून द्यायला काय हरकत होती? नवीन येणाऱ्या मुलांना मी हेच सांगायची, एकदाच वाच पण पूर्ण वाच.

आता मुख्य मुद्दा. आपलं सरकारी खातं रोखीवर चालतं. पैसा ज्या दिवशी गेला त्या दिवशी खर्च. लष्कराचा महसुली खर्च मेजर हेड २०७६ खाली जातो आणि त्याच्या पोटात वेगवेगळी खाती, जवानांचा पगार एकीकडे, सिव्हिलियन कामगारांचा दुसरीकडे, स्टोअर तिसरीकडे, वाहतूक चौथीकडे, इमारती पाचवीकडे. आता एक इंजिन ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्त) झालं त्याला एकूण किती लागले असं कोणी विचारलं तर पाच खात्यांतून तुकडे गोळा करावे लागतात आणि तेही अंदाजाने. ज्याची किंमतच माहीत नाही ते बाहेर करून घ्यावं की आत, दुरुस्त करावं की भंगारात काढावं, हे ठरवायचं कसं? बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, असा शेरा मारतात, त्यातला इकॉनॉमिकल हा शब्द मोजायचा तर आधी दुरुस्तीची खरी किंमत लागते. उपार्जित पद्धतीचे (पैसे जातील तेव्हा नव्हे, देणं लागलं तेव्हाच खर्च लिहायचे) हिशेब सरकारात आणायचा विचार करायला कॅगच्या अखत्यारीत २००२ साली एक मंडळ नेमलं गेलं, त्यावर अभ्यास झाले, पण रोजच्या कामात मी निवृत्त होईपर्यंत रोखच होती.

आणि मार्च. दादांनी सप्टेंबर ते फेब्रुवारी ऑर्डरच निघाली नाही असं लिहिलंय. बहुतेक फाइल आयएफएकडे (खरेदीला सहमती देणाऱ्या आर्थिक सल्लागाराकडे) सहमतीला गेली असणार, तिथून प्रश्न आले असणार, परत उत्तरं. माझा अनुभव असा की आयएफएला फाइल अगदी शेवटी दाखवतात, सगळं ठरल्यावर. गरज ठरवतानाच त्याला शेजारी बसवलं तर निम्मे प्रश्न येतच नाहीत. २०२१ मध्ये आर्थिक अधिकारांची नवीन वाटणी झाली, खालच्या फॉर्मेशनना बरेच जास्त अधिकार मिळाले, म्हणजे कागदावरचं पुष्कळ मोकळं झालंय. तरी फाइल वर पाठवायची सवय जात नाही, कारण खाली सही केली तर प्रश्न आपल्याला येणार ही भीती.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त सुधारणा ही आहे: वर्षाच्या पहिल्या महिन्यातच मागच्या वर्षीच्या अडकलेल्या बिलांची यादी करा आणि नव्या बजेटमधून सगळ्यात आधी ती फेडा, नंतर नवीन ऑर्डरी. याला कमिटेड लायबिलिटी म्हणतात, नियमात आहेच. ज्या कार्यालयात हे एप्रिलमध्ये बसून करत तिथली बिलं मेअखेर मोकळी झालेली मी पाहिलीत, आणि जिथे नुसतं रजिस्टर ठेवत तिथे ऑगस्ट.

भोसरीचा लेथवाला

ताई, मनापासून आभार. माझ्या बिलावर खरंच जीएसटीचाच प्रश्न होता, ऑर्डरमध्ये एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा नंबर) वेगळा पडला होता. मी तेव्हा चिडलो होतो, आता समजलं. पण एक विचारू का, ऑर्डर काढतानाच तो कोड चुकला होता, तिथे कोणी का नाही बघत?

हवालदार साहेब, तुमचा स्टार्टरचा किस्सा मी संध्याकाळी घरी वाचून दाखवला. आमच्याकडेही एक मशीन बंद पडलं की दुसऱ्याचा बेल्ट काढून लावतो आम्ही, पण मशीन बंद राहिलं तर मला त्याच दिवशी कळतं माझा किती गेला, कारण प्रेस थांबला की तासाला माझे पैसे थांबतात. तिथे थांबल्याचा झटका कोणालाच बसत नाही, फरक तेवढाच आहे.

घाटकोपर स्टोअर्स

नेव्हीच्या स्टोअरमध्ये होतो, सिव्हिलियन स्टोअरकीपर म्हणून. दोन गोष्टी भर घालतो.

एक म्हणजे पार्ट नंबर. जहाजावर रशियन यंत्र आहे, पाश्चात्त्य यंत्र आहे, आपलं देशी आहे. तिन्हीत एकच बेअरिंग बसतं, म्हणजे आतला व्यास बाहेरचा व्यास रुंदी सगळं सारखं, पण तीन कंपन्यांनी आपापला नंबर दिलाय म्हणून लेजरला तीन वस्तू. एकीचा स्टॉक पन्नास, दुसरीचा शून्य, आणि शून्यवालीसाठी आपण मूळ कंपनीकडे डिमांड टाकतो आणि बाजारात मिळणाऱ्या दराच्या कितीतरी पट देतो. माझ्याबरोबर एक वयस्कर स्टोअरमन होते, ते हातात कॅलिपर घेऊन शेल्फ हिंडायचे आणि वहीत लिहून ठेवायचे की हा नंबर म्हणजे तोच तो. त्यांच्या त्या वहीने किती पैसे वाचले असतील देव जाणे. ते निवृत्त झाले तेव्हा वही घरी घेऊन गेले, कारण ती सरकारी नव्हती, त्यांची स्वतःची होती. याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर कॉम्प्युटर आला, सगळं सिस्टिमवर गेलं, पण सिस्टिममध्ये चढले ते तीन नंबर तीन वस्तू म्हणूनच. हिशेब सुधारायचा तर सॉफ्टवेअरच्या आधी ही साफसफाई पाहिजे, आणि त्याला माणसं लागतात, कॅलिपर लागतो, वेळ लागतो.

दुसरं म्हणजे रिफिट, जहाजाची मोठी दुरुस्ती. जहाज डॉकमध्ये घेतलं की आधी कामाची यादी असते, पण तळाचा पत्रा घासल्यावर, पाइप उघडल्यावर आणखी निघतंच. दरवेळी वाढीव कामासाठी नवीन मंजुरी, तोवर जहाज डॉकमध्ये, डॉक अडलेला, मागचं जहाज रांगेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून जे नवीन डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअल (संरक्षण खरेदीचे नियम) लागू झालंय त्यात विमानं आणि जहाजांच्या दुरुस्तीत अशा वाढीव कामासाठी सुरुवातीलाच १५ टक्के तरतूद धरायची सोय केलीय. २००९ च्या जुन्या मॅन्युअलवर आम्ही सगळी नोकरी काढली, ही एक गोष्ट तेव्हा असती तर किती रात्री घरी गेलो असतो.

भोसरीचा लेथवाला

@घाटकोपर स्टोअर्स, त्या नवीन मॅन्युअलमधलं माझ्या कामाचं मी पण वाचलं. नवीन वस्तू देशात बनवून बघायची असेल तर विकसनाच्या काळात उशिराचा दंड लावायचा नाही, आणि पाच वर्षांपर्यंत ठरावीक संख्येच्या ऑर्डरची हमी देता येईल असं आहे. हे खरंच खाली उतरलं तर मोल्डमध्ये पैसे घालायची माझी हिंमत होईल. सध्या मी पन्नास सीलसाठी मोल्ड करतो आणि त्याचा सगळा खर्च त्या पन्नासवर टाकतो, मग सील महाग दिसतं. पाच वर्षांत पाचशे घेणार म्हणून सांगा, मी निम्म्या दरात देतो.

ओहायोकर

इकडे अमेरिकेत मी लष्कराला माल देणाऱ्या एका कंपनीत सप्लाय चेनचं काम करतो, मूळ सांगलीचा. इथली पद्धत सांगतो म्हणजे तुलना करता येईल, पण इथे सगळं छान आहे असा माझा अजिबात दावा नाही.

इथे डेपो दुरुस्ती आणि स्पेअर्सचा बराच मोठा भाग वर्किंग कॅपिटल फंडावर चालतो. म्हणजे अलाबामातल्या ॲनिस्टन डेपोत रणगाडा ओव्हरहॉलला आला तर ज्या युनिटचं काम आहे ते आपल्या बजेटमधून डेपोला पैसे देतं, गिऱ्हाईक असल्यासारखं. डेपो त्या पैशातून पगार, पार्ट, वीज सगळं भागवतो. दर वर्षाच्या आधी ठरतो आणि वर्षभर तोच राहतो, वर्षअखेर तोटा झाला तर पुढच्या वर्षी दर वाढतो, फायदा झाला तर उतरतो. फंड ३० सप्टेंबरला, म्हणजे इथल्या आर्थिक वर्षाच्या शेवटी, लॅप्स होत नाही, म्हणजे उरलेले पैसे बुडत नाहीत, फिरत राहतो. त्यामुळे ताईंनी जे लिहिलंय की ओव्हरहॉलची पूर्ण किंमत कळत नाही, ती इथे कळते, कारण त्याचं बिलच फाडावं लागतं.

पण अडचणी आहेत. अंदाज एक वर्षाहून आधी करावे लागतात, युद्ध किंवा महागाई आली की दर चुकतो, मग पुढच्या वर्षी दर एकदम उडी मारतो, मग युनिट म्हणतं आता परवडत नाही, काम कमी पाठवतात, काम कमी आलं की डेपोचा ओव्हरहेड उरलेल्या थोड्या कामावर पडतो आणि दर अजून वाढतो. हे चक्र मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि हिशेबाचं म्हणाल तर इथलं संरक्षण खातं २०१८ पासून दरवर्षी पूर्ण ऑडिट करून घेतंय आणि अख्ख्या खात्याला अजून एकदाही स्वच्छ शेरा मिळालेला नाही. सैन्यदलांपैकी मरीन कॉर्प्सला तेवढा पहिल्यांदा २०२३ च्या हिशेबासाठी मिळाला. एफ-३५ विमानाचे स्पेअर्स जगभर एका सामाईक साठ्यात असतात, त्याबद्दल इथल्या जीएओने (संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेने) २०२३ मध्ये लिहिलं की २०१८ पासून दहा लाखांहून जास्त पार्ट हरवल्याचं कंत्राटदाराने कळवलं, किंमत साडेआठ कोटी डॉलरहून जास्त, आणि त्यातल्या जेमतेम दोन टक्क्यांहूनही कमी प्रकरणांची खात्याने तपासणी केली. पार्ट सरकारचे, वही कंत्राटदाराची. तेव्हा आपल्याकडे खाजगी कंपनीला दुरुस्ती देताना, परफॉर्मन्सवर करार करताना, माल कोणाच्या लेजरवर हे आधी ठरवा असं कळकळीने सांगावंसं वाटतं.

हवालदार ईएमई (निवृत्त)

ओहायोकर, माहिती चांगली दिली. पण मला एक भीती वाटते. युनिटने पैसे देऊन दुरुस्ती करून घ्यायची म्हटलं तर पैसे संपत आले की सीओ साहेब (युनिटचे प्रमुख) म्हणतील ही गाडी पुढच्या वर्षी पाठवू. आणि गरज तर पुढच्या आठवड्यात पडेल. आमच्यात जॉब आला की करायचाच, कोण पैसे देणार हे कोणी विचारत नव्हतं, ती गोष्ट जाऊ नये.

लेखा विभाग निवृत्त

हवालदार साहेबांशी सहमत आहे आणि आणखी एक कारण देते. बिल फाडण्याचा प्रकार आपल्याकडे झालेला आहे. ऑर्डनन्स फॅक्टऱ्या (शस्त्रं-दारूगोळ्याचे सरकारी कारखाने) सैन्याला माल द्यायच्या तो ठरलेल्या इश्यू प्राइसने आणि पैसे खात्याखात्यात वळते व्हायचे. किंमत पूर्ण लावली जायची, ओव्हरहेडसकट. पण घेणाऱ्याला दुसरीकडे जायची मुभा नव्हती आणि देणाऱ्याला ऑर्डर जायची भीती नव्हती, त्यामुळे किंमत कळूनही ती कमी करायची कोणाला निकड नव्हती. ४१ कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ ला सात कंपन्या केल्या, त्यातली म्युनिशन्स इंडिया पुण्याची आणि यंत्र इंडिया नागपूरची, आता त्यांना ताळेबंद मांडावाच लागतो. कामगारांचा याला विरोध होता, त्यांची काळजी मला पटते, माझ्या घरातही दोन जण फॅक्टरीत होते. फायदा किती झाला ते आणखी काही वर्षांनी बोलू.

म्हणून माझं मत फंड काढावा असं नाही. बिल फाडू नका, पण किंमत मोजा. म्हणजे युनिटकडून पैसे मागायचे नाहीत, पण प्रत्येक जॉब कार्डवर मजुरीचे तास, पार्टची किंमत आणि थांबलेले दिवस हे तिन्ही लिहून महिन्याच्या महिन्याला वर गेले पाहिजेत. पैशाचा व्यवहार नको, फक्त आकडा. सैन्याची लढाऊ क्षमता वाढवून खर्च आटोक्यात कसा आणायचा यावरच्या शेकटकर समितीने २०१६ च्या अहवालात दुरुस्तीची वर्कशॉपं, ऑर्डनन्स डेपो आणि साठ्याच्या नियंत्रणाची फेररचना सुचवली होती आणि २०१७ मध्ये सरकारने ६५ शिफारशी मान्य केल्या त्यात हे विषय होते. समितीचे अध्यक्ष जनरल शेकटकर आपल्या पुण्याचे, म्हणून आम्ही तेव्हा फार आवडीने वाचलं होतं. त्यात पदं किती हलली याचीच चर्चा जास्त झाली, सत्तावन्न हजारांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. एका ओव्हरहॉलला किती दिवस कमी लागले असा आकडा मात्र माझ्या वाचनात आला नाही.

दादा, एचएसएनचं उत्तर राहिलं. ऑर्डर करणारा कारकून जुनी ऑर्डर कॉपी करून त्यात बदल करतो, तिथून चूक येते. पुढच्या वेळी ऑर्डर हातात आल्याच्या दिवशीच तुम्ही वाचा आणि दुरुस्तीचं पत्र लगेच द्या, माल पाठवायच्या आधी. बिलाच्या वेळी अमेंडमेंट काढणं सगळ्यात अवघड असतं.

ओझर मिग

नाशिकहून लिहितोय. आमच्या इथे ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात सुखोई लढाऊ विमानं बांधली गेली, तिथे हवाई दलाचा बेस रिपेअर डेपोही आहे, त्यामुळे स्पेअर्स हा घराघरातला विषय. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना मार्च २०१५ मध्ये त्यांनी उघड सांगितलं होतं की सुखोईंची उपलब्धता (उडायला तयार विमानांचं प्रमाण) निम्म्याच्याही खाली होती, ती ५६ टक्क्यांवर आलीय, आणि कारण दिलं होतं स्पेअर्सच्या व्यवस्थापनाचं. मंत्र्याने स्वतः असा आकडा सांगणं मला तेव्हा फार भावलं होतं. गोव्याचा माणूस, इंजिनिअर, आकडा लपवला नाही. शंभर विमानं विकत घेऊन पन्नास उडत असतील तर पार्टवर वाचवलेला पैसा आपण विमानांवर किती पटीने घालवला ते बघा. या धाग्यावर चारशेच्या सीलचं जे चाललंय तेच हे.

वर्धेकर

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. ३१ मे २०१६, मध्यरात्र उलटल्यावर आमच्या घराच्या खिडक्या हादरल्या. दारूगोळा डेपोत आग. आजूबाजूच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर निघाली. अधिकारी, जवान आणि आग विझवायला आत गेलेले फायर ब्रिगेडचे लोक गेले, त्यातल्या काहींच्या घरी मी जाऊन आलोय. नंतर बाहेर आलं की सदोष रणगाडाविरोधी सुरुंग होते, त्यातून टीएनटी झिरपत होतं.

मला हिशेबातलं एवढंच म्हणायचंय की खराब माल लेजरवर माल म्हणूनच दिसतो. त्याची दुरुस्ती करायची की नष्ट करायचा की बनवणाऱ्याने परत घ्यायचा याचा निर्णय लांबला तरी वहीत काहीच हलत नाही, उलट साठा भरपूर दिसतो. कॅगने २०१५ च्या अहवालात दारूगोळ्यावर लिहिलं होतं, ४० दिवसांच्या लढाईला पुरेल इतका साठा पाहिजे, मार्च २०१३ ला तो फक्त दहा टक्के प्रकारांत होता आणि निम्म्या प्रकारांत दहा दिवसांहून कमी. एकीकडे ही कमतरता आणि दुसरीकडे न वापरता येणारा माल जागा अडवून. हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी लिहिले गेले पाहिजेत. आपली वर्धेची माणसं त्या भिंतीपलीकडेच राहतात हो.

पिंपळेगुरवची सई

वर्धेकर दादा, वाचून हात थांबले. बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडे रिजेक्ट लॉटला लाल पट्टी लावायचो आणि तो लॉट कोणाच्या नावावर किती दिवस पडून आहे हे फळ्यावर लिहायचो, सुपरवायझरला रोज तिथून जावं लागायचं.

भोसरीचा लेथवाला

वर्धेकर दादा, पुलगावचं मी कधीच या बाजूने बघितलं नव्हतं. धन्यवाद लिहून भागणार नाही, पण लिहितो.

सईताई, तुमच्या बाबांचा फळा मी उद्याच माझ्या शॉपमध्ये लावतोय. आणि एक ठरवलंय. यापुढे लष्कराच्या प्रत्येक डिलिव्हरी चलनावर (मालाबरोबरच्या पावतीवर) मी खाली चार तारखा छापणार. पहिली चौकशी कधी आली, ऑर्डर कधी आली, माल कधी दिला, पैसे कधी मिळाले. शेवटची अर्थातच नंतर हाताने भरणार आणि वर्षाच्या शेवटी एका पानावर करून ज्यांना माल देतो त्या ऑफिसला देणार, तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून. ताई, हे चालेल ना? कोणाला राग येईल असं नको आहे. आणि हवालदार साहेब, गाडी उभी राहिल्याची तारीख मला कुठून मिळेल, डिमांडवर असते का ती?

लेखा विभाग निवृत्त

चालेल. चलनावर न छापता वेगळ्या पत्रावर द्या, चलनावर जादा मजकूर असला की कोणीतरी विचारेल हे काय म्हणून आणि बिल थांबेल. पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या, तेव्हा मागच्या वर्षीच्या देण्यांची यादी चालू असते, तुमचं नाव त्यात आपोआप बघितलं जाईल.

हवालदार ईएमई (निवृत्त)

सप्लाय ऑर्डरपर्यंत ती तारीख पोचत नाही भाऊ. आमच्या डिमांडवर व्हीओआर असा शेरा असतो आणि तारीख असते, पण डेपोत गेल्यावर दहा युनिटच्या डिमांड एकत्र करून एक संख्या बनते, पन्नास सील, आणि तिथेच गाडी गायब होते. खरेदी करणाऱ्याला फक्त पन्नास दिसतात. त्यातले सात उभ्या गाड्यांचे आहेत आणि त्रेचाळीस शेल्फवर ठेवायचे, हे त्याला कळलं तर तो सात आधी मागवेल, लोकल परचेसने आठवड्यात आणेल, बाकीचे आरामात.

तुम्हाला ऑर्डर देणाऱ्या साहेबांना पुढच्या वेळी एवढंच विचारा, यातले उभ्या गाडीचे किती. ते डेपोला विचारतील. तुम्ही तेवढे आधी बनवून द्या.

भोसरीचा लेथवाला

विचारतो. सध्या एक ऑर्डर चालू आहे, एकशे वीस बुश. सोमवारी फोन करतो आणि इथे कळवतो.